रायट: मार्क रिआलीचा बँड

१६ ऑगस्ट १९८०. तुम्ही इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनच्या मोटारशर्यतीच्या मैदानावर उभे आहात. ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ महोत्सवाचं हे पहिलंच वर्ष. गर्दी जमतेय ती रेनबो आणि जुडास प्रीस्ट या बँडसाठी. दुसऱ्याच क्रमाला न्यूयॉर्कचे पाच जण मंचावर येतात: रायट. गिटारवर मार्क रिआली, १९७५ मध्ये हा बँड उभा करणारा. गायला गाय स्पेरान्झा. खणखणीत, मोकळा गळा. त्यांचं नाव माहीत नसलेली माणसंही तुमच्या आजूबाजूला मुठी उंचावू लागतात.

थोडं पुढे या. ‘फायर डाउन अंडर’ हा अल्बम तयार आहे, पण कॅपिटॉल ही रेकॉर्ड कंपनी तो काढत नाही. बाजारात चालणार नाही, असं तिचं मत. चाहते खवळतात, निषेध करतात, आणि तुम्हीही त्यांच्यात असता. अखेर इलेक्ट्रा कंपनी १९८१ मध्ये तो बाजारात आणते. ऐकणाऱ्यांनी अल्बम सोडवून आणला! रायटच्या सगळ्या वाटचालीत मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

मग स्पेरान्झा बँड सोडतो, त्याच्या जागी ऱ्हेट फॉरेस्टर येतो, आणि १९८४ पर्यंत बँड मोडतो.

मार्क टेक्सासला, सॅन अँटोनियोला जातो, नवी माणसं जमवतो. १९८८ मध्ये तुम्ही रायटचा ‘थंडरस्टील’ हा अल्बम लावता आणि दचकताच. गिटार पहिल्या क्षणापासून सुसाट, ड्रम्स तिला क्षणभरही थांबू देत नाहीत, आणि वर टोनी मूरचा तार सप्तकातला आवाज. हेवी मेटलच्या ‘पॉवर मेटल’ या शैलीचा वेग, तिची सुरावट, सगळं इथे आहे. आणि हे रचणारा माणूस आतड्याच्या क्रोन्स आजाराशी झुंजतोय. त्याच्या वादनात मला या आजाराचा मागमूस लागत नाही.

२५ जानेवारी २०१२. सॅन अँटोनियोमध्ये मार्क जातो, ५६ व्या वर्षी. बँड इथे संपला असता तर कुणी बोल लावला नसता. पण बेसवादक डॉन व्हॅन स्टॅव्हर्न आणि गिटारवादक माइक फ्लिंट्झ गायक टॉड मायकेल हॉलला सोबत घेतात, ‘रायट V’ नावानं उभे राहतात, आणि २०१४ मध्ये ‘अनलीश द फायर’ हा अल्बम येतो.

मेटल कधीच ऐकलं नसेल, तर ‘थंडरस्टील’पासून सुरुवात करा. आवाज मोठा ठेवा, आणि गिटारवर कोण आहे ते लक्षात ठेवा.