देवासची मूक तालीम

धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची संस्थाने होती. त्यांतील देवासला १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन आले. मुंबईत देवधरांपाशी रीतसर शिक्षण झाले होते. आता डॉक्टरांनी गाणेच बंद केले. काही वर्षे कंठ मुका राहिला, कान मात्र जागे होते. दारावरून जाणारी लोकगीते ते ऐकत, टिपून घेत, स्वरांचा पुनःपुन्हा विचार करीत. परीक्षा नव्हती, पारितोषिक नव्हते. त्याच धुनांतून पुढे मालवतीसारखे राग उभे राहिले. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला.

गुरूने पाया घातला. चढणे ज्याचे त्यानेच. आम्ही शिक्षक गुण मोजतो. ही ओढ मोजावयास आम्हांपाशी पट्टी नाही. मूल आपणहून वही उघडून बसले, तर निदान त्या वेळी त्यास हाक मारू नये.