दुसऱ्या चौकोनाचा मागोवा

पालघर जिल्ह्यातल्या बोईसरच्या कारखान्यांत ट्रेनिंग असलं की फळ्यावर हमखास तातडी आणि महत्त्व यांवरून पाडलेले कामांचे चार चौकोन निघतात. दुसरा असतो महत्त्वाच्या, पण तातडी नसलेल्या कामांचा. तब्येत, राहून गेलेला डिप्लोमा, मुलांशी गप्पा. आयुष्याचं समाधान बहुतेक याच चौकोनात असतं, आणि एखादी मशीन बंद पडली की पहिल्यांदा पुसला जातो तोही हाच.

या चौकोनांना नाव आहे अमेरिकेचे माजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांचं. तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक त्यांनी १९५४ साली इव्हान्स्टनच्या भाषणात सांगितला, तोही एका कॉलेजच्या माजी अध्यक्षांचा हवाला देऊन. चौकोन प्रसिद्ध केले ते स्टीफन कोवी यांच्या १९८९ च्या पुस्तकानं.   

पण दुसऱ्या चौकोनाचं खरं काम बोईसरच्याच जिल्ह्यात त्या भाषणाआधी सुरू झालं होतं. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी काढली. तीन वर्षांच्या पोराला गोष्ट सांगणं हे राबणाऱ्या वारली घरात तातडीचं कसं असणार? गुरं राखायची असतात, धाकट्याला सांभाळायचं असतं. ताराबाईंनी त्या घरांना कामं सोडायला लावलं नाही. शाळाच पाड्यावर नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरं चरतात तिथं भरली ती कुरणशाळा. साहित्य म्हणजे शिंपले, बिया, पानं, खडे. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी होती, म्हणजे कडेवर भावंड घेऊन आलेल्या मुलीलाही वर्गात बसता येई. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि पुढं तिच्यातून अंगणवाडी देशभर पोचली.

चौकोन कामं वेगळी काढायला शिकवतात. कोसबाडनं महत्त्वाचं काम तातडीच्या कामाला जोडून घेतलं, आणि मला तीच रीत जास्त पटते. शिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला वेगळा तास कुठून मिळणार? डिप्लोम्याचं पुस्तक कंपनीच्या बसमध्ये उघडता येतं, लेकीशी बोलणं भाजी निवडताना होतं.