बुटाखालचा रणगाडा

शंभर वर्षांपूर्वी आल्प्समध्ये डोंगर चढणाऱ्याच्या बुटाची सगळी भिस्त तळाला ठोकलेल्या खिळ्यांवर असे. जाड चामड्याचा तळ, मधोमध गोल डोक्याचे खिळे आणि कडेकडेने कातळाला चावतील असे लोखंडी दात. जिनिव्हाच्या फेलिक्स जेनकां नावाच्या जवाहिऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कठीण पोलादाचे दातेरी खिळे तयार केले. ‘त्रिकूनी’ या नावाने ते देशोदेशीच्या गिर्यारोहकांच्या बुटांत जाऊन बसले. ओलं गवत, चिखल, घट्ट बर्फ, शेवाळलेला दगड, कुठेही खिळा पाय धरून ठेवी. खोडी दोन होत्या. बूट जड होई, आणि धातू पायातली ऊब ओढून बाहेर टाकी. १९२४ साली एव्हरेस्टवर हरवलेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हाही त्याच्या पायात खिळ्यांचाच बूट होता.

कोरड्या, उभ्या कातळावर मात्र या जड बुटांची अडचण व्हायची. म्हणून इटालियन गडी वेगळी युक्ती करत. कड्याच्या पायथ्यापर्यंत खिळ्यांचे बूट, पुढे नमद्याच्या तळाचे हलके जोडे. जड बूट पायथ्याशीच ठेवून द्यायचे. हवा चांगली असेल तर याहून सोयीचं काही नाही.

१९३५ च्या सप्टेंबरात इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या पुंता राझिका शिखरावर हवा फिरली. वादळ, बर्फ, पायांत पातळ जोडे. सहा जण तिथेच गेले. मिलानचा वाटाड्या विताले ब्रामानी त्या चमूत होता. जोडे चांगले असते तर सगळे वाचले असते, अशा थाटात ही गोष्ट हल्ली सांगितली जाते. मला ते जरा सोपं वाटतं. वादळात अडकलेल्या माणसाला नुसता बूट तारत नाही. पण ब्रामानीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: कातळ आणि बर्फ या दोन्हींवर एकच तळ चालला पाहिजे, वाटेत बूट बदलायची वेळच येता कामा नये.

उत्तर त्याला मोटारीच्या टायरमध्ये दिसलं. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता देऊन रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली होती, आणि मिलानमध्येच पिरेलीचा टायरचा धंदा जोरात होता. पिरेलीच्या पाठबळावर ब्रामानीने १९३७ साली खोल खाचांचा रबरी तळ बाजारात आणला. मध्यभागी अधिक चिन्हासारखे उंचवटे, कडेला जाड ठोकळे. नाव ठेवलं ‘कारार्मातो’, म्हणजे रणगाडा. कंपनीचं व्हिब्रम हे नाव त्याच्याच नाव-आडनावाच्या सुरुवातीच्या अक्षरांचं. त्याच वर्षी हा तळ पायात घालून त्याने एत्तोरे कास्तिल्योनीबरोबर पित्स बादिलेची वायव्य भिंत चढली. १९५४ मध्ये इटालियन चमू केटूवर पोचला, तेव्हा बुटांखाली व्हिब्रमच होता. 

ब्रिटिश गिर्यारोहकांनी मात्र खिळे लगेच सोडले नाहीत, आणि ते हटवादीपणाने नव्हे. त्यांच्या ओल्या, बुळबुळीत डोंगरांवर टणक रबर चक्क घसरायचं. खिळा शेवाळ फोडून दगडापर्यंत जायचा.

सह्याद्रीत जुलैमध्ये चढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. खोल खाचांचा महागडा बूट चिखलात, मुरमाड घसाऱ्यावर झकास चालतो आणि ओढ्यातल्या शेवाळी कातळावर मालकाला आडवा करतो. कारण खाचांना रुतायला तिथे काही नसतंच. दगडाला चिकटतं ते मऊ रबर. दुकानात तळात अंगठ्याचं नख दाबून पाहावं. जरासं रुतलं तर आपल्या बसाल्टवर तो बूट बरा. मऊ रबर लवकर झिजतं, ती किंमत मोजायचीच. लडाख किंवा हिमालयातल्या दगडधोंड्यांच्या लांब वाटांना याच्या उलट, टणक आणि न वाकणारा तळ हवा. आणि चढताना खाचांत माती गच्च बसली की कोणताही तळ सपाटच. काटकीने ती मधूनमधून उकरून काढावी लागते.

ओला बूट चुलीपाशी किंवा हीटरसमोर ठेवू नये, गोंद सुटतो आणि चामडं तडकतं. आतलं इनसोल काढून वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि ओले झाले की बदलावेत. आपल्या दमट हवेचा खरा घाव मात्र दिसत नाही. बाहेरचा रबरी तळ आणि वरचा बूट यांच्या मध्ये बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या बाष्पाने तो वर्षानुवर्षं आतून कुजतो, बूट न वापरता माळ्यावर पडून असला तरीही. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि ऐन खिंडीत शिळ्या भाकरीसारखा त्या थराचा चुरा होऊन अख्खा सोल लोंबू लागतो. ट्रेकआधी मोच्याकडून सोल भोवताली शिवून घ्यायची आपल्याकडे चाल आहे. गोंद सुटायच्या बेतात असेल तर ती उत्तमच. पण मधल्या थराचाच भुगा झाला असेल, तर टाका धरणार कशाला?