तान्ह्या बाळाचं पाप कुठून आलं?

जन्मून दोन दिवसांत गेलेल्या बाळाने कुणाचं काय वाईट केलं असेल? कुठलीही आई हेच विचारेल. पाचव्या शतकात याच प्रश्नावरून रोमन साम्राज्यातले बिशप एकमेकांच्या उरावर बसले आणि त्यात बादशहाचा हुकूम निघाला. पोस्ट मोठी आहे मंडळी, सवडीने वाचा.

आदामाने एदेन बागेत देवाची आज्ञा मोडली, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. आपल्याकडे फादर स्टीफन्सने १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणात ती मराठी ओव्यांत सांगितली आहे. पण आदामाचा दोष प्रत्येक वंशजाला जन्मतःच लागतो, असं सरळ वाक्य बायबलात नाही. उलट यहेज्केलच्या १८व्या अध्यायात बापाच्या पापाचा भार मुलावर येणार नाही, असं स्पष्ट म्हटलंय. मग 'मूळ पापा'ची शिकवण एवढी पक्की झाली कशी?

त्याचं बरंचसं श्रेय, किंवा दोष म्हणा, संत ऑगस्टीनकडे जातं. जन्म ३५४ सालचा, आजच्या अल्जीरियातला. आधी वक्तृत्वाचा मास्तर, मग हिप्पो या बंदराचा बिशप. समोर होता पेलाजियस, ब्रिटनहून रोमला आलेला तपस्वी. त्याचं म्हणणं असं, की देवाने आज्ञा दिली तर ती पाळायची ताकदही दिली असणार. आदामाने वाईट उदाहरण घालून दिलं, बाकी ज्याचं पाप त्याच्यापाशी.

ऑगस्टीनने पकडलेला मुद्दा मात्र जबरदस्त होता. चर्च तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतं ना? बाप्तिस्मा पापक्षमेसाठी असतो ना? मग बाळाला क्षमा कशाची? स्वतःचं पाप नाही, म्हणजे आदामाचंच! जोडीला पौलाचं रोमकरांना लिहिलेलं पत्र, अध्याय ५, वचन १२. मूळ ग्रीकचा सरळ अर्थ 'कारण सर्वांनी पाप केलं' असा होतो. ऑगस्टीनचं ग्रीक कच्चं, हाताशी लॅटिन भाषांतर. त्यात झालं होतं 'ज्याच्यात सर्वांनी पाप केलं'. ज्याच्यात म्हणजे आदामात. आजच्या प्रचलित मराठी बायबलनेही 'कारण'चाच अर्थ घेतलाय. सगळा सिद्धांत या एका शब्दावर उभा नाही, पण आधार मोठा होता.

यातून जे निघतं ते ऑगस्टीनने टाळलं नाही. बाप्तिस्म्याआधी मेलेलं बाळ देवाच्या राज्यात जाणार नाही. त्याला शिक्षा सर्वात सौम्य, पण शिक्षाच.

४१५ साली पॅलेस्टाइनमधल्या बिशपांनी पेलाजियसला निर्दोष ठरवलं होतं. पोप झोसिमसही आधी त्याच्या बाजूने झुकला होता. पण ३० एप्रिल ४१८ला सम्राट होनोरियसने पेलाजियसच्या हद्दपारीचा हुकूम काढला, १ मेला कार्थेजच्या धर्मसभेने त्याची मतं धिक्कारली, आणि मग पोपही फिरले. सुमारे १८ बिशपांनी सही करायला नकार दिला आणि पदं गमावली. त्यांचा म्होरक्या इटलीतला ज्युलियन. ऑगस्टीनच्या माणसांनी दरबारी अधिकाऱ्यांना ८० घोडे चारले, असा जाहीर आरोप त्याने केला. ऑगस्टीनने तो नाकारला. राजकारण म्हटलं की असले आरोप आलेच, तेव्हाही! गंमत म्हणजे ज्युलियनचा बाप ऑगस्टीनचा स्नेही होता. निरागस बाळांना शिक्षा करणारा देव न्यायी कसा, हे ज्युलियन शेवटपर्यंत विचारत राहिला. त्याला उत्तर लिहिता लिहिताच ४३० साली ऑगस्टीन गेला. बाहेर व्हँडलांचा वेढा, ग्रंथ अपुरा.

मला ज्युलियनचा प्रश्न पटतो. पण पेलाजियसला हिरो करायचीही घाई नको. माणूस ठरवलं तर निष्पाप राहू शकतो म्हटलं, की घसरलेल्याला सबबच उरत नाही. माणसाच्या दुबळेपणाची जाण ऑगस्टीनलाच जास्त होती. ग्रीक पूर्वेकडच्या चर्चने तिसरी वाट धरली: आदामापासून वारशात मरण येतं, अपराध नाही.

पश्चिमेत मात्र अपराधाचाच वारसा राहिला. मध्ययुगात अशा बाळांसाठी नरकाच्या वेशीवर 'लिंबो' कल्पिला गेला, जिथे यातना नाहीत पण देवदर्शनही नाही. आयर्लंडमध्ये त्याचा अर्थ फार कठोर झाला. बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला चर्चच्या पवित्र जमिनीत जागा नसे. बहुधा रात्रीच, घरातला एखादा पुरुष ते गाठोडं घेऊन शेताच्या बांधाला, समुद्रकाठी किंवा पडक्या देवळापाशी पुरून येई. वर खुणेचा दगड, त्यावर नाव नाही. या जागांना 'किलीन' म्हणतात.

१९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात लिहिलंय, की मूळ पाप हा कुणाही वंशजाचा वैयक्तिक अपराध नव्हे. २००७ साली व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने सांगितलं, की अशा बाळांच्या तारणाची आशा ठेवायला सबळ कारणं आहेत. आशा, खात्री नव्हे. काही किलीन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होती, म्हणजे त्यातल्या काही आया तेव्हा हयातही असतील. अलीकडे आयर्लंडमधल्या गावकऱ्यांनी अशा कितीतरी जागा साफ केल्या आणि धर्मगुरूंना बोलावून तिथे आशीर्वादाचा विधी करून घेतला.