इंटरनेट कॉल (घरगुती) : भोर-वेल्हे परिसरातील आवाजाची सुधारणा

घरच्या इंटरनेटवरून बोलताना आवाज तुटू नये, घुमू नये, उशिरा पोहोचू नये यासाठी करायचे उपाय. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत त्यांची निकड जास्त. तोरणा (१,४०३ मी.), राजगड, रायरेश्वर यांच्या डोंगररांगांत आणि भाटघर, नीरा-देवघर, पानशेतच्या जलाशयांभोवती विखुरलेल्या वाड्यावस्त्यांना टॉवर डोंगराआड गेला की रेंज मिळत नाही. पोरं पुण्या-मुंबईला आणि आईवडील गावी, अशा घरांत फोनवरचं बोलणं नीट ऐकू येणं ही चैन नव्हे.

भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. या भागाला खरा उपयोग झाला तो वाय-फाय कॉलिंगचा. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ते सुरू केले. घरात ब्रॉडबँड आहे पण रेंज नाही, अशा ठिकाणी फोनच्या सेटिंगमध्ये ही सोय चालू केली की नेहमीच्याच नंबरवरून साधा कॉल लागतो. पलीकडे बटणांचा फोन असला तरी चालते, ॲप लागत नाही.

आवाज बिघडला की लोक वेगाचा प्लॅन वाढवतात. बहुतेक वेळा तो खर्च वाया जातो. जी.७११ या जुन्या पद्धतीने आवाज पाठवायलाही एका दिशेला सुमारे ८०-९० केबीपीएस पुरतात. ओपस ही २०१२ मध्ये प्रमाणित झालेली पद्धत त्याहून कितीतरी कमीत भागवते. गरज असते ती नियमितपणाची. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात, म्हणजे सेकंदाला ५०. पोहोचलेले तुकडे पलीकडचा फोन क्षणभर साठवून क्रमाने वाजवतो. त्या मुदतीनंतर आलेला तुकडा टाकून द्यावा लागतो आणि शब्द अर्धाच ऐकू येतो. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. तो फार वाढला की दोघे एकदम बोलतात आणि एकदमच थांबतात.

हा उशीर पुष्कळदा घरातच होतो. कुणाच्या मोबाईलमधले फोटो-व्हिडिओ बॅकअपसाठी वर चढत असतात, अपलोडची वाट भरते आणि आवाजाचे तुकडे राउटरमध्ये मागे रांगेत उभे राहतात. कॉलपुरता बॅकअप थांबवावा. राउटरमध्ये क्यूओएस (कोणता डेटा आधी जाऊ द्यायचा ते ठरवणारी सोय) असल्यास आवाजाला अग्रक्रम द्यावा आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवावी.

जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती वाय-फाय अडवतात. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा त्याच खोलीत चांगला, भिंतीपलीकडे २.४ बरा. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटावर न ठेवता, बोलायला बसतो तिथून दिसेल असा उंचावर ठेवावा. कॉम्प्युटरवरून बोलायचे असेल तर लॅन केबलसारखा उपाय नाही.

आषाढ-श्रावणात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की स्पीकर लावून बोलणे सोडावे. माइक तोंडाजवळ आणणारा इअरफोन घातला की पावसाचा आवाज मागे पडतो आणि पलीकडच्याला स्वतःचेच शब्द परत ऐकू येत नाहीत. लाइट गेली की राउटर बंद पडतो आणि चालू कॉल तुटतो. म्हणून राउटरसोबतच फायबरच्या डब्यालाही छोटा यूपीएस जोडावा.

इतके करूनही लॅन केबलवर आवाज तुटत असेल, तर राउटरला आणि बाहेरच्या सर्व्हरला पिंग करून, म्हणजे उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजून, पाहावे. राउटरचे आकडे स्थिर आणि बाहेरचे वरखाली होत असतील, तर दोष बहुधा लाइनमध्ये असतो. तक्रार करताना ते आकडे वेळेसह द्यावेत.