नियमाधारित डावपेची मालमत्ता विभाजन

शेअर, रोखे, सोने, कमोडिटी यांतील गुंतवणुकीचे प्रमाण आधी ठरवलेल्या संख्यात्मक नियमांनुसार बदलत ठेवण्याची, मुख्यतः ईटीएफमार्फत (पहा : ईटीएफ) राबवली जाणारी पद्धत. १९९३ मध्ये अमेरिकेत एस अँड पी ५०० निर्देशांकावरील ‘एसपीवाय’ ईटीएफ आला आणि अख्खा निर्देशांक एका शेअरसारखा खरेदी करता येऊ लागला. पद्धतीला व्यापक प्रसिद्धी मिळाली ती मेबेन फेबर यांच्या २००७ मधील निबंधाने. त्यात अमेरिकी शेअर, परदेशी शेअर, अमेरिकी सरकारी रोखे, कमोडिटी व स्थावर मालमत्ता यांना प्रत्येकी २० टक्के वाटा आहे. महिनाअखेरचा भाव दहा महिन्यांच्या सरासरीहून (पहा : चल सरासरी) वर असेल, तर तो वाटा राखायचा, खाली असेल, तर विकून रक्कम ट्रेझरी बिलांत ठेवायची. सरासरी १०० आणि भाव ९६, तर विक्री. महिन्याच्या मधल्या चढउतारांची दखलच घ्यायची नाही. दीर्घ मंदीतील घसरण मर्यादित ठेवणे, हा तिचा खरा हेतू. दिशाहीन बाजारात मात्र वारंवार खोटे संकेत मिळून महाग खरेदी व स्वस्त विक्री होते. भारतात निफ्टी बीज (२००१) व गोल्ड बीज (२००७) या ईटीएफांमुळे अशी विभागणी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात करता येऊ लागली. विक्रीतील नफा करपात्र असतो (पहा : भांडवली लाभ कर).