लॅप स्टील गिटार : स्वस्त वाद्य, फेरफार आणि इतिहासाचा पुरावा

१

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने पुण्याच्या जुन्या बाजारातून दीड हजार रुपयांस एक लॅप स्टील गिटार विकत घेतली. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवीत वाजवावयाचे हे वाद्य आपल्याकडे 'हवाईयन गिटार' या नावाने अधिक परिचित आहे. विकत घेतलेली वस्तू म्हणजे जेमतेम एक जाड लाकडी फळी होती. तीवर कोणत्याही कारखान्याचे नाव नव्हते. सहा खुंट्यांपैकी दोन ढिल्या होत्या. तारांखालचा चुंबकीय ध्वनिग्राहक सतत गुणगुणत असे. अटी, म्हणजे तारा जिच्यावरून खुंट्यांकडे जातात ती पट्टी, कोणीतरी कानशीने घासून पितळेची केली होती आणि तिच्यावरील खाचा सारख्या अंतरावर नव्हत्या. फळीच्या कडेस दोन छिद्रे होती; त्यांचे प्रयोजन कळत नव्हते.

लेखकाने वाद्य 'सुधारण्याचे' मनावर घेतले. खुंट्या बदलल्या. ध्वनिग्राहकाच्या खोबणीस आतून तांब्याचा पातळ पत्रा लावून तो विद्युत्‌जोडणीस जोडला, तेव्हा गुणगुण बरीच कमी झाली. येथवर सर्व ठीक होते. त्यानंतर मात्र पितळी पट्टी काढून बाजारात मिळणारी तयार अटी बसविली आणि ती दोन छिद्रे लांबी भरून बुजवून टाकली. पुढे एका वृद्ध वादकांनी ते वाद्य पाहिले. त्यांनी आवाज ऐकण्यापूर्वीच बुजविलेल्या जागेवर बोट ठेवले आणि विचारले, "चिकारीच्या खुंट्या कुठं गेल्या?" खाचांतील विषम अंतराचा उलगडाही त्यांनीच केला. मुख्य तार इतर तारांपासून थोडी दूर ठेवली, की मींड घेताना कांडीस मोकळी जागा मिळते. लेखकाने ज्यास कारागिराची चूक मानले, तो एका अज्ञात वादकाचा विचार होता. पितळी पट्टी तोवर कोठे गेली होती हे सांगता येत नव्हते.

या छोट्याशा अपराधातून प्रस्तुत लेखाचा विषय निघाला आहे. लॅप स्टीलचा इतिहास सामान्यतः संशोधकांच्या, कारखान्यांच्या आणि पेटंटांच्या क्रमाने लिहिला जातो. तो क्रम खोटा नाही. परंतु अपुरा आहे. या वाद्याचा इतिहास बहुतांशी स्वस्त वाद्ये विकत घेऊन त्यांत फेरफार करणाऱ्या माणसांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची कागदपत्रे म्हणजे ती फेरफार केलेली वाद्येच होत, असे येथे मांडावयाचे आहे.

२

प्रथम एक तांत्रिक मुद्दा ध्यानात घ्यावयास हवा. साध्या गिटारीत बोटाने तार पडद्यावर दाबली असता स्वर निघतो. दांडी किंचित वाकली, पडदे झिजले अथवा चुकीच्या अंतरावर बसले, की सूर बिघडतो. म्हणूनच गिटार घडविण्यातील कौशल्य आणि खर्च यांचा मोठा वाटा दांडी व पडदे यांवर जातो, आणि हलक्या दर्जाच्या गिटारीचे हलकेपण प्रथम तेथेच उघडे पडते. लॅप स्टीलमध्ये तार पडद्यास टेकतच नाही. अटी उंच करून तारा दांडीपासून सुमारे एक सेंटिमीटर वर उचललेल्या असतात. कांडी ज्या बिंदूवर तारेस स्पर्श करते, तेथे स्वर ठरतो. पडदे उरतात ते केवळ डोळ्यांसाठी, खुणेच्या रेघांप्रमाणे. सूर राखण्याची जबाबदारी कारागिराकडून वादकाच्या कानाकडे व मनगटाकडे येते.

याचा अर्थ असा, की साधी गिटार म्हणून जे वाद्य टाकाऊ ठरेल, तेच लॅप स्टील म्हणून उपयोगी पडू शकते; त्यासाठी बव्हंशी एक उंच अटी, पोलादी तारा आणि एक कांडी पुरते. या वाद्याचा प्रसार गरिबांच्या व हौशी माणसांच्या घरांत का झाला, आणि त्यात फेरफार करणे इतके सहज का झाले, याचे एक प्रमुख कारण या रचनेतच आहे.

३

हवाई बेटांत गिटार प्रथम आली ती गुरांच्या पाठोपाठ. तेथे मोकाट वाढलेली गुरे आवरण्यासाठी १८३० च्या दशकात तिसऱ्या कामेहामेहा राजाच्या कारकीर्दीत मेक्सिकन कॅलिफोर्नियातून गुराखी आणविण्यात आले. हे गुराखी स्पॅनिश भाषा बोलत. 'एस्पान्योल' या त्यांच्या नावावरून हवाईयन भाषेत गुराख्यास 'पानिओलो' हा शब्द रूढ झाला. त्यांच्या गिटारी हवाईयन लोकांनी उचलल्या. परंतु तारा जुळविण्याची पद्धत आपल्या गाण्याच्या सोयीने बदलली. काही तारा ढिल्या करून मोकळ्या तारांतूनच सुसंवादी स्वरमेळ निघेल अशी रचना त्यांनी केली. पुढे कांडीने सर्व तारांवर एकदम सरकावयाचे, तर अशा जुळणीखेरीज गत्यंतर नव्हते. म्हणजे पहिला फेरफार लाकडात नव्हे, तर सुरांत झाला.

पुढील पायरीचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू (१८७४–१९३२) यांस दिले जाते. ओआहू बेटावरील लाइए येथे जन्मलेला हा मुलगा कामेहामेहा शाळेत शिकत असताना, १८८९ च्या सुमारास, धातूच्या वस्तूने तार सरकत्या स्वरात वाजविण्याचे प्रयोग करू लागला. शाळेच्या कार्यशाळेत त्याने पोलादी कांडी घडविली, आतड्याच्या तारांऐवजी धातूच्या तारा लावल्या आणि त्या पडद्यांना लागू नयेत म्हणून वर उचलल्या, अशी परंपरागत हकीकत आहे. येथेही नवे वाद्य घडविले गेले नाही. हाती असलेले वाद्य बदलले गेले.

श्रेयाचे दुसरेही दावेदार आहेत. त्यांपैकी गॅब्रिएल डेव्हियन हे नाव आपल्या कुतूहलाचा विषय ठरावे. हिंदुस्थानात जन्मलेला, एका जहाजाच्या कप्तानाने पळवून नेलेला आणि १८८० च्या दशकात होनोलुलूत या पद्धतीने वाजविणारा तरुण, अशी त्याची कथा १९३० च्या दशकात छापली गेली. तीवरून या वादनाचे मूळ विचित्रवीणेत किंवा गोट्टुवाद्यात शोधण्याचा मोह अनेकांस झाला आहे. वीणेच्या तारेवर कांडी सरकविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, यात शंका नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त एकतंत्री वीणेचे वर्णन केले आहे. तीत डाव्या हातातील बांबूच्या कम्रिकेने स्वर काढण्याचा विधी येतो. परंतु साम्य म्हणजे वंशसंबंध नव्हे, हा भाषाशास्त्राचा पहिला धडा येथेही लागू पडतो. दोन भाषांतील दोन शब्द सारखे दिसले म्हणून त्यांचे मूळ एक ठरत नाही. मधले दुवे दाखवावे लागतात. डेव्हियनच्या बाबतीत तसे दुवे उपलब्ध नाहीत. दावा नाकारण्याचे कारण नाही, तसे तो सिद्ध मानण्याचेही नाही.

४

हवाईयन भाषेत या वाद्यास 'कीका किला' म्हणतात. 'कीका' म्हणजे गिटार आणि 'किला' म्हणजे स्टील. त्या भाषेत ग, ट, र, स यांसारख्या ध्वनींस स्वतंत्र स्थान नाही, जोडाक्षरे नाहीत आणि प्रत्येक अक्षराचा शेवट स्वराने होतो. त्यामुळे 'स्टील' हा शब्द आत येताना आरंभीचे जोडाक्षर गमावतो, अंती स्वर मिळवितो आणि 'किला' होतो. ऐकणाऱ्यास ही मोडतोड वाटेल. वस्तुतः ती काटेकोर नियमाने झालेली घडण आहे.

उसना शब्द घेणारी भाषा त्यास आपल्या ध्वनिव्यवस्थेत बसविते, त्यास लिंग देते, प्रत्यय लावते. 'सतार' या शब्दाचा फारसीतील मूळ अर्थ 'तीन तारांचे'. आज सतारीस कितीतरी अधिक तारा असतात, आणि मराठी बोलणाऱ्यास त्यात काही विसंगत वाटत नाही. उसन्या वाद्याचेही असेच घडते. घेणारा समाज ते जसेच्या तसे ठेवीत नाही; आपल्या संगीताच्या व्याकरणास जे आवश्यक ते त्यात घालतो आणि अनावश्यक ते निरुपयोगी करून सोडतो. लॅप स्टीलवरील पडदे हे अशा निरुपयोगी झालेल्या, परंतु लेखनात टिकून राहिलेल्या मुक्या वर्णासारखे आहेत.

५

केकुकू १९०४ साली हवाई सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला. १९१२ चे 'द बर्ड ऑफ पॅरडाइज' हे नाटक आणि १९१५ चे सॅन फ्रान्सिस्कोचे जागतिक प्रदर्शन यांनी हवाईयन संगीताची लाट उसळविली. साध्या गिटारीच्या अटीवर बसवावयाची धातूची उंच पट्टी सुटी विकत मिळू लागली. काही नाण्यांत जुनी गिटार 'हवाईयन' होई. क्लीव्हलंडच्या ओआहू पब्लिशिंग कंपनीसारख्या संस्थांनी धड्यांच्या पुस्तिकांसह स्वस्त गिटारी घरोघर पोचविल्या.

कारखान्यांनी पुढे जे केले, ते पाहता एक क्रम दिसून येतो : वादकाने आधी केलेला फेरफार कारखाना मागाहून पक्का करतो. लॉस एंजेलिसच्या हर्मन वाइसेनबोर्नने उंच तारा मूळ रचनेतच योजिल्या आणि दांडीही आतून पोकळ ठेवली. कारण ती मुठीत धरावयाची नसल्याने रुंद असली तरी चालते. १९२७ च्या सुमारास जॉन डोपेरा व जॉर्ज बोशॅम्प यांच्या प्रयत्नांतून नॅशनल कंपनीची, आत ॲल्युमिनियमचे शंकू असलेली गिटार आली; तिच्या हवाईयन प्रकारास चौकोनी, पोकळ दांडी होती. १९३१ साली बोशॅम्पच्या विद्युत् गिटारीचा पहिला नमुना लाकडात कोरला गेला आणि पुढील वर्षी ती ॲल्युमिनियमच्या ओतकामात विक्रीस आली. आकारावरून तिला 'तळणीचा तवा' असे टोपणनाव मिळाले. तिच्या पेटंटास १९३७ साल उजाडले. विद्युत् गिटारीचा हा आरंभ मांडीवरच्या वाद्याने झाला, ही गोष्ट सहसा विस्मरणात जाते.

१९५४ साली गाजलेल्या 'स्लोली' या गीतात बड आयझॅक्स यांनी तार छेडल्यावर, तिचा नाद चालू असतानाच, पेडल दाबून सूर बदलला. तो आवाज ऐकून अनेक वादकांनी आपल्या जुन्या वाद्यांस घरगुती पेडली जोडल्या. पुन्हा तेच : आधी घरातील हत्यारे, मग कारखान्याची यादी.

६

हिंदुस्थानात हे वाद्य फिरत्या हवाईयन वादकांबरोबर आले. त्यांपैकी ताउ मो यांचे कुटुंब १९४० च्या दशकात कलकत्त्यास राहिले. गार्नी निस यांच्यासारखे स्थानिक वादकही त्याच शहरात पुढे आले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मूळ लखनौचे व्हॅन शिप्ले यांनी विद्युत् गिटारीवर चित्रगीते वाजवून ध्वनिमुद्रिकांद्वारे हा नाद मराठी घरांतही पोचविला.

परंतु रागसंगीतात या वाद्याचा प्रवेश व्हावयाचा, तर त्यास नवे व्याकरण हवे होते. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांजकडे तालीम घेऊन गिटारीवर आलाप, जोड व झाला मांडला. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांची गिटार आहे. पाश्चात्य स्वरमेळासाठी जुळविलेल्या तारा एकस्वरी संगीतास भाररूप होतात. म्हणून त्यांची जुळणी बदलली, झाल्यासाठी चिकारी आली. विश्वमोहन भट्ट यांनी त्यापुढे जाऊन तरफेच्या बारा तारा घातल्या. मुख्य व साथीच्या मिळून आठ धरता त्यांच्या मोहनवीणेस वीस तारा होतात. राय कूडर यांच्याबरोबरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेस १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. 'मोहनवीणा' हे नाव त्यापूर्वी राधिकामोहन मैत्र यांच्या सरोदवर्गीय वाद्यासही दिले गेले होते. एका नावाची दोन वाद्ये ही समानोच्चारी शब्दांची आठवण करून देणारी गोष्ट आहे.

ही नावे इतिहासात राहिली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यांच्या आसपास असंख्य निनावी वादक होते. त्यांनी कानशी, गिरमिट आणि जुन्या सतारीच्या खुंट्या घेऊन तोच प्रश्न आपापल्या परीने सोडविला. त्यांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांचे लेखन म्हणजे ती छिद्रे आणि त्या खाचा.

७

जुनी वाद्ये 'मूळ रूपात' आणण्याची प्रवृत्ती म्हणूनच चिंताजनक वाटते. परदेशात चौकोनी दांडीच्या कित्येक गिटारींस पुढे गोल दांडी बसविली गेली. आता संग्राहक तीही काढून पुन्हा चौकोनी बसवितात. दोन्ही वेळा एक थर पुसला जातो. हस्तलिखिताच्या संपादकाने समासातील सर्व टिपा खोडून टाकाव्या आणि बोलीतील रूपे प्रमाण भाषेत दुरुस्त करावी, तसा हा प्रकार आहे. मूळ प्रत हाती येते असे वाटते. प्रत्यक्षात वाचकांची परंपरा हातची जाते.

यावर असा आक्षेप घेता येईल, की वाद्य वाजविण्यासाठी असते. ढिली खुंटी पुरावा म्हणून तशीच ठेवावयाची काय? आक्षेप रास्त आहे. फेरफार थांबवावे असे येथे सुचवावयाचे नाही. तसे केल्यास या वाद्याचा इतिहासच थांबेल. अपेक्षा एवढीच, की बदल करण्यापूर्वी मोजमाप घ्यावे, छायाचित्र काढावे, काढलेला भाग चिठ्ठी लावून जपावा, आणि ज्याचे प्रयोजन कळत नाही त्यास चूक म्हणण्याची घाई करू नये. क्षेत्रकार्यात अनोळखी रूप कानावर आले, तर आपण ते प्रथम जसेच्या तसे टिपून घेतो. लाकडाच्या बाबतीतही हीच शिस्त पाळावी.

लेखकाने फळीवरील लांबी खरवडून दोन्ही छिद्रे पुन्हा मोकळी केली आहेत. त्यांत आता खुंट्या आहेत आणि चिकारी लागते. अटीवरील विषम अंतर मात्र अंदाजाने धरले आहे. मूळ माप घेतले नव्हते.